बोरकर सर म्हणाले, हात वर करा

किस्से शोधायला जावं लागत नाही. लेआउटची सेक्रेटरी व्हा, ते चप्पल काढून सरळ घरात येतात! भंडाऱ्यातल्या आमच्या लेआउटला, म्हणजे बंगल्यांच्या कॉलनीला, लागून टोली आहे, कष्टकऱ्यांची वस्ती. मधे कंपाउंडची भिंत, भिंतीत एक छोटं गेट. निम्म्या तक्रारी त्या गेटावरून असतात, उरलेल्या बोरकर सरांच्या. सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. अर्ध्या लेआउटला त्यांनीच शिकवलंय, मलाही.

*

टोलीतल्या विहारात पहाटे भोंग्यावर वंदना लागायची. सरांनी लेखी तक्रार दिली. टोलीवाल्यांनी भोंगा बंद केला.

चौथ्या दिवशी सर स्वतःच विहारापाशी हजर. "अरे, थोडा तरी आवाज ठेवा ना! वंदना लागली की मी उठून माईला गोळी देत होतो. आता जागच नाही येऊन राहिली!"

माई म्हणजे सरांची बायको. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, बोलणं गेलेलं. दुसऱ्या दिवशी भोंगा पुन्हा लागला, हळू आवाजात.

*

माईंना भरवते शांताबाई. राहते टोलीत, स्वयंपाक करते लेआउटातल्या पाच घरी, माझ्याकडेही. माई दुसऱ्या कोणाच्या हातचा घासच घेत नाहीत, सरांच्याही नाही.

एकदा सर नाक दाबून तिला म्हणाले, "काय गं, तुमच्या टोलीतून सुक्या झिंग्यांचा वास येऊन राहिला!"

"टोलीतून नाही सर, तुमच्या बाजूच्या बंगल्यातून. मीच तर करून आली!"

त्या बंगल्याचे मालक आमच्याकडे कट्टर शाकाहारी म्हणून प्रसिद्ध आहेत.

*

आता माझा नंबर. शांताबाईच्या चहासाठी मी कान तुटलेला कप वेगळा ठेवला होता. सासूबाई ठेवायच्या, म्हणून मीही. दोन वर्षं ती काही बोलली नाही.

एक दिवस पिशवीतून कप काढला. गुलाबाची फुलं, सोनेरी काठ. "ताई, वेगळाच द्याचा आहे तर मले माह्या कपात देत जा. हा चांगला आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! तुटका कप त्याच दिवशी फेकला, तिला आमच्यातल्याच कपात चहा दिला. तिच्या गुलाबाच्या कपात आता घरातला जो पहिला उठेल तो चहा पितो, आणि त्यावरून रोज भांडणं!

*

मग टोलीतल्या बकऱ्या गेटातून आल्या आणि सरांची जास्वंद खाऊन गेल्या. सरांनी मीटिंग बोलावली. "गेटाला कायमचं कुलूप. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा!"

सर्वांचे हात वर! पन्नाशीच्या डॉक्टरांचाही. बाहेर आल्यावर म्हणतात, "मले गेट पाहिजे होतं ना! पण सर 'हात वर' म्हणाले अन् गेलाच." माझंही तेच झालं. किल्ली माझ्याकडे आली.

शांताबाईचे गुडघे गेलेले. "हायवेवरून फिरून या म्हणता? मले नाही जमत." ती यायची बंद झाली. दोन दिवस माई दुधाच्या घोटाशिवाय काही घेईनात. सरांनी भरवून पाहिलं, हात जोडले. तोंड मिटलेलंच.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन निघाले. गेटापाशी पोचले तर अलीकडे व्हीलचेअरवर माई, पलीकडे स्टुलावर शांताबाई. गजांतून हात घालून ती मऊ भाताचा घास भरवत होती. सर वाटी धरून उभे. 

मी कुलुपाला किल्ली लावली.

"थांब!" सर ओरडले. "ठराव झालेला आहे. मीटिंगशिवाय कुलूप निघणार नाही."

"मग मीटिंग कधी, सर?"

"आत्ता!" त्यांनी घसा खाकरला. "गेट उघडावं असं ज्यांना वाटते, त्यांनी हात वर करा."

माझा हात केव्हाच वर गेला होता. सरांनी स्वतःचा केला. शांताबाई मेंबर नाही, ती घास हातात धरून तशीच थांबली.

"एक... दोन..." सर मोजत होते.

तेवढ्यात माईंनी हात वर केला.

सरांना पुढचा आकडाच येईना.