हाजीर

बोरीला आमच्या लहानपणी जे काही घडलं, त्यातल्या बहुतेक वेळी हाजीर गावातच नव्हता. तरी त्यातली एकही गोष्ट त्याच्याशिवाय सांगून होत नाही. कुणी नुसतं म्हणावं, "त्या वर्षी ओढ्याला पाणी आलं होतं बघ," की पलीकडून आवाज ठरलेला, "मी व्हतो की तिथं."

त्याचं खरं नाव उत्तम. हाजीर हे नाव मास्तरनं ठेवलं. मास्तर म्हणजे आमच्यातला माणिक. तो पुढे शाळेत शिक्षक झाला, पण मास्तर त्याला आम्ही आधीपासूनच म्हणायचो, कारण दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. तिसरा रशीद, एसटीत ड्रायव्हर होता, आता घरी नातवंडांना ओरडत असतो. आणि मी, जिंतूरला औषधांचं दुकान चालवतो. दुकानदार माणूस असल्यामुळे तोंडावर फार काही दाखवायची मला सवय नाही. आम्ही तिघं पहिलीपासून दहावीपर्यंत एका वर्गात. हाजीरही त्याच वर्गातला, पण मधली वर्षं गाळून.

ती वर्षं चुडाव्याला गेली. त्याचा मामा तिथं रेल्वेत गँगमन होता आणि मामाला मूल नव्हतं. हाजीर दुसरीत असताना मामानं त्याला मागून नेलं. शिकवतो, मोठा करतो, माझाच समजा, म्हणाला. पुढे मामीला मुलगा झाला आणि हाजीर परत आला. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. सातवीची परीक्षा झाल्यावर एक पत्र्याची पेटी घेऊन तो बापामागं बोरीच्या स्टँडवर उतरला, एवढंच. तोवर आमचं लहानपण बहुतेक उरकलं होतं.

आठवीचं वर्ष त्यानं चौकशीत घालवलं. आम्ही एखादी जुनी गोष्ट काढून हसायला लागलो की हा हसायचा नाही, विचारायचा. कोणत्या झाडाखाली? आधी कोण पळालं? मारकुटी म्हैस कुणाची होती? एकाला विचारून झालं की तेच दुसऱ्याला. आम्हाला वाटायचं, चुडाव्याला राहून याचं डोकं जरा मंद झालंय. दहावीपर्यंत त्याचं विचारणं थांबलं आणि "मी व्हतो की" सुरू झालं. ते आजतागायत चालू आहे.

रशीद पोहायला शिकला ती गोष्ट घ्या. तेलाचा रिकामा डबा त्याच्या पाठीला बांधून आम्ही त्याला विहिरीत ढकललं. डब्याचं झाकण निघालं, आत पाणी शिरलं आणि रशीद डब्यासकट खाली. मास्तरच्या थोरल्या भावानं उडी टाकून त्याला वर काढलं. हाजीर म्हणतो, "मी व्हतो की. तुमचे सगळ्यांचे कपडे धरून वर उभा व्हतो." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मीच काढलं. हाजीरनं आजवर एकाही गोष्टीत कुणाला वाचवलेलं नाही की कुणाला ठोकलेलं नाही. तो कपडे धरतो, चपला राखतो, कुणी येतंय का ते बघतो. त्यामुळे त्याला खोटं पाडणंही अवघड. कपडे कुणीतरी धरलेच असतील.

क्वचित सापडायचा. बाजारात तंबूतला सिनेमा आला होता आणि वावटळीनं अख्खा तंबू प्रेक्षकांच्या अंगावर बसला, ही रशीदची आवडती गोष्ट. त्यात हाजीर एका वर्षी तिकिटाच्या खिडकीपाशी उभा होता आणि दुसऱ्या वर्षी तंबूच्या दोरीत पाय अडकून पडलेला. मास्तरनं लगेच धरलं. हाजीर शांतपणे म्हणाला, "आधी खिडकीपाशी व्हतो. मंग दोरीपाशी आलो." आता याला काय बोलणार?

एकदा मास्तरनं त्याची उलटतपासणी घेतली. "विहिरीवर होतास ना? होतास तर सांग, त्या दिवशी माझ्या अंगात काय होतं?" हाजीरनं जरासं आठवल्यासारखं केलं. "भावाचा सदरा. निळ्या रेघांचा. बाह्या दुमडलेल्या, त्यातली एक सारखी खाली यायलती."  निळ्या रेघांचा सदरा मास्तरलाही तेव्हा आठवला. नंतर कळलं, मास्तरच्या भावानंच कधीतरी बोलता बोलता हे सांगितलं होतं. आपल्या बोलण्यातलं आपण विसरतो. हाजीर विसरत नाही. खरं सांगायचं तर आमच्या लहानपणातलं आता आम्हाला जे आठवतं, त्यातलं किती आमचं आणि किती हाजीरनं सांगितलेलं, हे माझं मलाच सांगता येणार नाही. रशीदच्या मुलांना तर शपथेवर विचारा, ती सांगतील की हाजीरकाका सगळीकडे होते.

दर हिवाळ्यात जवारी हुरड्यात आली की आम्ही चौघं माझ्या शेतात बसतो. ओढ्याच्या अलीकडं माझं शेत, पलीकडं हाजीरचा आखाडा, म्हणजे गोठा आणि त्याला लागून घर. तो बारा महिने तिथंच राहतो. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची आणि गप्पा मारायच्या. कणसं चोळायचं काम हाजीरचं. आगटीतून काढलेलं कणीस तो तसंच तळहातात घेऊन रगडतो आणि दाणे पुढ्यात टाकतो. हात भाजत नाहीत का रे, विचारलं तर म्हणतो, "भाजतेत की. पण तुमाला येत न्हाई ना." चोळलेल्यातलं आधी आम्हाला, मग स्वतःला. अशा बैठकीत मास्तर चुका काढतो, रशीद आवाज चढवतो, मी शक्यतो खातो.

मागच्या वर्षीच्या बैठकीत मास्तर आईविषयी बोलला. तो आईविषयी कधी बोलत नाही. आम्ही पाचवीत असताना ती गेली, एवढंच आम्हाला माहीत. नुकतंच त्याच्या मुलीचं लग्न झालं होतं, म्हणून असेल, हातातला हुरडा तसाच ठेवून तो सांगायला लागला.

"आई गेली त्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. मला कुणी आत घेईना. मी बाहेर ओट्यावर बसलो. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत बसलो. येणारा माणूस माझ्याकडं बघायचा आणि आत जायचा. शेजारी येऊन बसला असा एक माणूस नाही."

रशीद आणि मी खाली बघत होतो. आम्हाला त्या दिवशी घरच्यांनी बाहेर सोडलं नव्हतं. आणि आगटीच्या पलीकडून हलक्या आवाजात हाजीर म्हणाला, "मी व्हतो की तिथं."

"तू नव्हतास," मास्तर म्हणाला. "तू चुडाव्याला होतास. तिथं कुणीही नव्हतं. सगळ्या गोष्टींत शिरलास, आम्ही चालवून घेतलं. एवढी एक तरी माझी माझ्याकडं राहू दे."

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं, रशीदनं मध्ये पडून काहीतरी हसण्यावारी नेलं असतं. हाजीरनं हातातलं कणीस चोळून पुरं केलं, दाणे मास्तरच्या पुढ्यात ठेवले, हात झटकले. "म्हशीला पाणी दावायचं हाय," म्हणाला आणि ओढा उतरून गेला. परत आला नाही.

त्यानंतर वर्षभर तो आमच्यात नव्हता. भांडण केलं नाही, अबोला धरला नाही. आमचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर कुणी शाळेचा जुना फोटो टाकला की हाजीरचा आवाजी निरोप यायचा, लिहायचा त्याला कंटाळा. आता निळ्या खुणा दिसायच्या, म्हणजे बघतोय, पण आवाज नाही. गुडघ्याच्या गोळ्या न्यायला जिंतूरला दुकानात यायचा तेव्हा पूर्वी तासभर स्टुलावर बसायचा, गिऱ्हाइकांशी माझ्याआधी बोलायचा. आता गोळ्या घेतल्या की, "येतो, बस सापडायची न्हाई." मास्तरविषयी एक शब्द वाकडा नाही. मी काढला विषय, तर म्हणाला, "खरं तेच बोलला की तो." मला वाटलं, हा माणूस आता आपल्यातून गेला. आणि त्याचं मला वाईट वाटलं, हे सांगायला हरकत नाही.

यंदा हुरड्याला तिघंच बसलो. निरोप दोनदा धाडला होता. हाजीर आला नाही. ओढ्यापलीकडं त्याचा आखाडा समोर दिसत होता, त्याच्या डोक्याचं पांढरं उपरणं गोठ्यातून घरात, घरातून गोठ्यात जाताना दिसत होतं. त्यालाही आमचा धूर दिसत असणारच.

रशीदनं तंबूची गोष्ट काढली. तंबू पडला इथवर आली आणि अडली. कापड कोणत्या रंगाचं होतं, यावर तिघांचं जमेना. तंबूखाली सगळ्यात आधी कोण ओरडलं, तेही कुणाला सांगता येईना. रशीदनं सवयीनं आगटीच्या पलीकडं बघितलं. तिथं नुसतं पोतं अंथरलेलं होतं. कणसं आमच्याच्यानं चोळवेनात, निम्मी करपली. मास्तरनं दोन दाणे तोंडात टाकले आणि थुंकले.

"ओट्यावर कुणी नव्हतं," तो मध्येच म्हणाला. आम्ही काहीच विचारलं नव्हतं. मग बऱ्यापैकी निघालेला हुरडा त्यानं टॉवेलात बांधला आणि उठला. "चला."

हाजीर दारातल्या बाजेवर दावं वळत बसला होता. वहिनी म्हणाल्या, "या भावजी, लय दिसानं वाट सापडली." आमच्यासाठी त्यांनी पोतं टाकलं. रशीद आणि मी बसलो. मास्तर टॉवेलाचं गाठोडं हातात धरून उभाच राहिला. हाजीर दावं वळत राहिला. चहा आला, प्यायला, कप गेले. जवारी कशी आहे, म्हैस किती दूध देते, सगळं विचारून झालं. म्हशीवर बोलायला तरी किती असतं.

शेवटी रशीद म्हणाला, "आरे, चुडाव्याचं सांग की एखादं. इतके साल झाले, तिकडचं तू कवाच सांगितलं न्हाईस."

"तिकडचं काय सांगायचं," हाजीर म्हणाला. "आपण सांगितलं तर 'व्हय, असंच झालतं' म्हणणारं कुणी पायजे का न्हाई? तिकडचं कोण हाय हितं?"

हे खरं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी चुडाव्याची एकही गोष्ट ऐकली नव्हती आणि ऐकली नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला वाटलं, आता तो पुन्हा म्हशीवर येणार. पण तो दाव्याकडं बघतच बोलायला लागला.

"परत यायच्या दिवशी बाबा मला सकाळच्या गाडीनं न्यायला येणार व्हते. मामानं मला पेटीसकट ठेसनात बाकड्यावर बसिवलं अन् कामावर गेला. मामीनं पेटीत दशम्या घातलत्या. सकाळची गाडी आली. बाबा उतरले न्हाईत. दुपारची आली. त्यातनं बी न्हाईत. मला वाटलं, मामाचं घर तर सुटलं, अन् गावाकडून बी कुणी न्यायला येईना. म्हणजे आपून आता ठेसनातलेच. सांजच्या गाडीला आले बाबा. त्यांची सकाळची गाडी चुकली व्हती, दुसरं काय न्हाई." त्यानं दाव्याला एक पीळ दिला. "पर दिसभर एकलाच व्हतो. जवळ कुणी बसलं न्हाई."

वहिनी चुलीपाशी थांबून ऐकत होत्या. त्यांनाही हे नवीन असावं.

"मी व्हतो की तिथं," मास्तर म्हणाला.

मास्तरच्या तोंडून 'व्हतो' मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तो शाळेत लागल्यापासून होतो, नाही, आहे असंच बोलतो. रशीदनं माझ्याकडं बघितलं. मी मास्तरकडं बघत होतो.

"बाकड्यावर," मास्तर म्हणाला. "तुझ्या शेजारी."

हाजीरचे हात थांबले. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा त्यानं मास्तरकडं नीट वर बघितलं.

"व्हतास तर सांग," तो म्हणाला, "दिसभर मी काय खाल्लं?"

 खोटं बोलायची मास्तरला सवय नाही, त्यामुळे वेळ लागला.

"काय न्हाई," तो म्हणाला. "पेटी तू उघडलीच न्हाईस. बाप आल्यावर दोघांनी मिळून खावं म्हणून."

हाजीरनं पुन्हा दाव्याकडं बघितलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "न्हाई उघडली."

मग त्यानं अर्धवट वळलेलं दावं गोळा करून मांडीवर घेतलं, बाजेवर जरा सरकला आणि मास्तरला बसायला जागा केली. मास्तर बसला. टॉवेल दोघांच्या मध्ये सोडला. हाजीरनं मूठभर हुरडा घेतला, त्यातलं करपलेलं निवडून फेकलं आणि उरलेले दाणे मास्तरच्या हातावर ठेवले.

"ओट्यावर लय ऊन व्हतं रे त्या दिवशी," तो म्हणाला.

"व्हय," मास्तर म्हणाला. "लय व्हतं."