हशासाठी सोडलेली जागा

अमेरिकेत बोलपट नवे होते, त्या काळातला एक विनोदी चित्रपट काल दुपारी घरी लावला. मुळात एका नाटकावरून केलेला. एक दिवाणखाना, तीन दारं, सात माणसं. नाटकात हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य घेत नाहीत. ही नटमंडळी तीच सवय घेऊन कॅमेऱ्यापुढे आलेली. प्रत्येक विनोदानंतर थांबायची. मी घड्याळ लावून पाहिलं. कुठे तीन सेकंद, कुठे पाच. हसणारं समोर कुणीच नाही.

"बाबा, बंद करा ना. बघवत नाही," मुलगी म्हणाली.

मी तो तिच्या आईसाठी लावला होता. बायकोला पक्षाघात होऊन सत्तेचाळीस दिवस झाले. तिला सगळं समजतं, बोलत राहा, असं डॉक्टर सांगतात. पण अजून शब्द नाही, हसू नाही. पूर्वी माझ्या विनोदावर ती आधी "अहो, हा शंभराव्यांदा!" म्हणायची आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

चित्रपट बंद केला. तिच्यासमोर बसून, आमच्या लग्नात भटजी शेजारच्या मांडवात जाऊन मंगलाष्टकं म्हणू लागले होते, तो किस्सा पुन्हा सांगितला. आणि थांबलो.

तीन झाले. पाच झाले. ती माझ्याकडेच पाहत होती. तीसनंतर मी मोजणं सोडलं, पण तोंड उघडलं नाही. मी पुढचं वाक्य घेतलं असतं, तर तिच्या हसण्याची जागा भरून गेली असती.