टेबलाखालची नळी

रविवारी दुपारी मिरीला घेऊन पडेगावकडच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले होते. मिरी म्हणजे माझी काळी गावठी कुत्री. लॉनवर कुत्रा चालेल का, हे फोन करून आधीच विचारलं होतं.

कोपऱ्यातलं टेबल घेतलं, पट्टा माझ्या खुर्चीला अडकवला. मिरी शांत आहे, फक्त खाताना जवळ कोणी आलेलं तिला चालत नाही... म्हणून घरीच पोटभर खाऊ घालून आणली होती.

शेजारच्या टेबलावर फुलंब्रीकडचं एक कुटुंब होतं. आजी, आजोबा, सून आणि दोनेक वर्षांची परी. आजोबांना मिरी फार आवडली. "घे गं बाय, तू बी खा," म्हणत त्यांनी ताटातली मटणाची नळी तिच्यापुढे टाकली.

मी नको म्हणेपर्यंत नळी मिरीच्या तोंडात होती आणि मिरी माझ्या टेबलाखाली. तिच्या मागोमाग परीही रांगत आत शिरली.

मिरीचं अंग ताठ झालं. गुरगुर नाही, काही नाही. फक्त डोळे तिरपे... हे गुरगुरण्यापेक्षा वाईट. परीचा चेहरा तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. पट्टा ओढला असता तर ती आधी चावली असती.

"कोणी ओरडू नका," मी हळू आवाजात म्हटलं. "परीला तिकडूनच बोलवा."

सुनेनं तोंड उघडलंच होतं. आजींनी त्यावर हात दाबून धरला आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, "परे, आईस्क्रीम आलं बघ. खाऊ का म्या समदं?"

परी थांबली. नळीकडे एकदा पाहिलं... आणि मागे मागे सरकत बाहेर आली.

मी पनीरचा तुकडा लांब टाकला. मिरी तिकडे वळल्यावर नळी उचलली.

"चुकलं पोरी माझं," आजोबा म्हणाले.

"तुमचं प्रेम लई उतू जातं," आजी त्यांच्यावर कडाडल्या. आत्ता कुठे त्यांचा आवाज चढला होता.

तुम्ही ओरडला कशा नाहीत, मी त्यांना विचारलं.

"कुत्रं तुझं हाय. तू म्हणलीस वरडू नका, नाय वरडले."

मी काम करते त्या कंपनीत मशीन बंद करा, हे मला कामगारांना दोनदा सांगावं लागतं. वर कारणही द्यावं लागतं. त्या बाईंनी नात टेबलाखाली असताना एका अनोळखी मुलीचं पहिल्या शब्दाला ऐकलं...

आभार मानायचं तिथे सुचलं नाही. म्हणून इथे.