आपण हरलो

आमच्या सलूनवाल्या मामांच्या दुकानात यंदा दाढी कमी आणि रडगाणं जास्त चालायचं. आपल्या भागातला फुटबॉल क्लब सामन्यामागून सामना हरत होता. आम्ही गिऱ्हाइकं चिडून म्हणायचो, "हरले लेकाचे!" मामा मात्र वस्तरा पुसत म्हणायचे, "आपण हरलो." त्यांनी एकही सामना चुकवला नव्हता.

एकदा त्यांना ताप भरला, म्हणून मैदानावर त्यांच्या जागेवर त्यांचा साडू जाऊन बसला. ऑफसाइड कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि नेमका त्याच दिवशी क्लब जिंकला!

दुकानात साडूचा नुसता उदोउदो झाला. कुणीतरी म्हणालंच, "मामा, तुम्ही आता घरीच थांबा. साडूंचा पायगुण चांगला आहे."

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी पुढच्या सामन्याला साडूच गेला. मामा माझी दाढी करत राहिले, आणि आत असे जळत होते की माझा गाल सोलून निघाला.

तेवढ्यात साडू पडलेल्या चेहऱ्याने दारात आला.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काय सांगू साडूभाऊ, चार गोल खाल्ले. हरलो आपण."

आख्ख्या मोसमात मामांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी टॉवेल झटकला.

"आपण नाही," ते म्हणाले. "तुम्ही हरलात."