विहीर कुणाला गेली

परीक्षणात लिहिलं होतं, 'सहकुटुंब पाहावा असा चित्रपट'. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या कुटुंबात माणसं किती, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांच्या चित्रफिती फोनवर फिरत होत्या. एक बाई कॅमेऱ्यापुढे रडायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "फॅमिलीला घेऊन या." मी तिला हसलो आणि माजलगावच्या दुपारच्या खेळाची सहा तिकिटं काढली. आईवडील, काका-काकू, बायको आणि मी.

कथा वाचायची तसदी मी घेतली नव्हती. पहिलं गाणं संपलं आणि पडद्यावरच्या दोन भावांनी अंगणात चुन्याची रेघ ओढली.

आमच्या घरात वाटणी हा शब्द कुणी उच्चारत नाही. ज्याला ती हवी असते, तो जेवताना परक्या घराचं उदाहरण काढतो. "धर्मापुरीच्या पाव्हण्यांनी दोन चुली केल्या म्हनं." एवढंच. ऐकणाऱ्यांनी हात धुवायचे आणि समजून घ्यायचं. आजोबा आणि त्यांचे भाऊ अशाच एका वाक्यावर वेगळे झाले. वडील आणि काकांमध्ये मात्र आजवर कुणी असं उदाहरण काढलं नव्हतं. आणि मी सगळ्यांना गाडीत घालून तीन तासांचं उदाहरण दाखवायला आणलं होतं.

मागच्या रांगेत बायका हुंदके देत होत्या. आमच्या रांगेत कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वडील पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसले होते. काका पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. उठून जावं, तर तोही एक इशाराच ठरला असता.

मध्यंतरात वडील हळूच म्हणाले, "काई सांगायचं व्हतं तर घरी सांगायचं. तिकिटं कावून काढली?"

"दादा, मला माहीत नव्हतं."

"पोरगं शिकलेलं हाय," काका वडिलांना म्हणाले. "आपल्या बापाला एक वाक्य पुरलं. ह्याला पडदा लागतो."

ते हसले. त्यांच्यासोबत कुणी हसलं नाही.

शेवटी पडद्यावरच्या भावांनी एकमेकांना मिठी मारली, रेघ पुसली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी रेघ पायानं पुसली जाते, हे शहरात बसून लिहिणाऱ्यालाच माहीत असावं.

परतताना दिंद्रुडला चहासाठी थांबलो. तिथं वडील आणि काका वर्षानुवर्षं एकच चहा घेतात. कप वडिलांचा, बशी काकांची. हॉटेलवाल्याला हे ठाऊक असूनही त्या दिवशी त्यानं नेमकं विचारलं, "दोगांना एक का दोन?"

वडील रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिले. बायकोनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. गाडीत सहा माणसं बसून आली होती. परत जाताना त्यांची दोन घरं झालेली असतील, असं मला वाटत होतं.

"एकच," काका म्हणाले. "बशी आन."

वडिलांनी चहा बशीत ओतला. थोडा टेबलावर सांडला. आईनं तो पदरानंच पुसला. मला वाटलं, टळलं. चित्रपट कितीही रडका असला तरी घरी पोचेपर्यंत माणसं तो विसरतात.

तेवढ्यात काकूंनी मला सहज विचारलं, "काय रे, त्या पिच्चरमदी विहीर कुणाला गेली?"

चित्रपटात विहीर नव्हतीच. विहीर आमच्या शेतात आहे, एकच, बरोबर मधोमध.

काकांनी भरलेली बशी तशीच खाली ठेवली.