कुंभारणीचं मडकं

मास्तरांनी फळ्यावर ‘एकलकोंडा’ हा शब्द लिहिला आणि असं एकट्यानं जगणाऱ्या जिवाची काहीतरी खूण उद्या आणा म्हणाले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं, आणि शाळेत नागपूरचे इन्स्पेक्टर यायचे होते. मी डोणगावच्या गल्लीतून घरी पळतच सुटले. मला ठाऊक होतं ना! आमच्या ओसरीच्या भिंतीवर कुंभारीण माशीनं एकटीनंच चिखलाचं मडकं बांधलं होतं. ना पोळं, ना कुणाची सोबत!

सकाळी ते खरवडून शाळेत नेलं. मास्तरांनी फोडलं तर आत हिरव्या अळ्या कोंबलेल्या! “पिल्लाची शिदोरी,” ते म्हणाले. अख्खा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला.

दुपारी घरी आले तर वहिनी मोकळ्या भिंतीसमोर उभी.

“काय केलं वं तू हे?”

तेव्हा कुठे मला आठवलं. कुंभारणीनं घर बांधलं की घरात पाळणा हलतो, असं आई मानायची, आणि वहिनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. आई शेतात होती. वहिनीनं झटक्यात माती कालवली आणि हुबेहूब तसं मडकं भिंतीला थापलं. मी हसू दाबत दारात पहारा दिला.

तेवढ्यात कुंभारीणच आली! वहिनीच्या मडक्याभोवती फिरली आणि शेजारी आपलं वेगळं बांधू लागली.

संध्याकाळी आई भिंतीकडे बघून ओरडलीच, “अवं, दोन मडके! जुळे होतीन सूनबाई!”

वहिनीच्या नखांत अजून माती होती. तिनं हात पदराखाली लपवले.