बेकरीवाल्याला गहू चालत नाही

"धंदा काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेकरी हाय. निपाणीत. पाव, बन, खारी, बटर, सगळं आमचं आम्हीच करतो."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या शेजारी बसलेल्या सुमनकडं, म्हणजे बायकोकडं बघितलं आणि रिपोर्ट पहिल्यापासून परत वाचायला घेतला. मग म्हणाले, "तुम्हाला सिलियाक डिसीज आहे. आजपासून गहू बंद. मैदा, रवा, शेवया, सगळं बंद. जन्मभर."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "डॉक्टर, थट्टा करतासा व्हय गरिबाची?"

"गोधी बेडा," ते म्हणाले. मराठीतून कळलं नसेल असं वाटून त्यांनी कन्नडमधून सांगितलं. गहू नको. मला दोन्हीतून कळलं होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. सुमननंच पुढं होऊन काय काय बंद ते कागदावर लिहून मागितलं.

हे लिहायचं कारण एवढंच, की असा रिपोर्ट उद्या तुमच्याही हातात येऊ शकतो. येऊ नये, पण आलाच तर? तेव्हा मी केलेला गाढवपणा तुम्ही करू नका.

त्याआधी तीन वर्षं मी नुसता वाळत चाललो होतो. जेवलं की पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड यायचं. भट्टीपुढं उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. गिऱ्हाईकं म्हणायची, "बेकरीवाला असून असा हाडकुळा? आमाला खारी घालतोस आणि सवता उपाशी ऱ्हातोस काय रं?" निपाणीत जंताच्या गोळ्या झाल्या, आम्लपित्ताच्या झाल्या, रक्तवाढीची लाल औषधं झाली. कुणी म्हणालं टीबी, कुणी म्हणालं तंबाखूचा परिणाम. मी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही. तंबाखूसाठी गाजलेल्या निपाणीचा माणूस असं बोलला तर कुणाला पटत नाही, तो भाग वेगळा. शेवटी एक दिवस सकाळी पावाचा ट्रे हातात असतानाच खाली कोसळलो, आणि पोरानं, महेशनं, मला बेळगावला आणलं.

तिथं दोन तपासण्या झाल्या. एक टीटीजी नावाची रक्ताची. गव्हाविरुद्ध शरीर आतल्या आत जी फौज उभी करतं, ती किती आहे ते त्यात कळतं. दुसरी एंडोस्कोपी. तोंडातून नळी घालून आतडं बघायचं, आणि त्याचा बारीक तुकडा काढून तपासायचा, त्याला बायोप्सी म्हणतात. दुखत नाही, पण घशात नळी जाताना जीव नकोसा होतो. नळी घालताना नर्सनं सांगितलं तसं नाकानं श्वास घ्या, घाबरू नका.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखे बारीक धागे असतात. त्यांना विलाय म्हणतात. अन्न तेच शोषून घेतात. तुमचे झिजलेत. टॉवेलाचं धोतर झालंय." मग हे कशानं झालं, तर ग्लूटेननं.

ग्लूटेन मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मैद्यात पाणी घालून मळत गेलं की जो चिवटपणा येतो, पीठ ओढलं की तुटत नाही, ताणलं की पापुद्रा धरतं, ते ग्लूटेन. पाव फुगतो तो त्याच्या जिवावर. तीस वर्षं मी तोच चिवटपणा आणायला राबलो. निपाणीत माझ्या बनाला नाव होतं ते त्याच्यामुळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करायची?

घरी आल्यावर सुमननं दुसऱ्याच दिवशी गव्हाचा डबा बहिणीकडं, संकेश्वरला पाठवून दिला. पोळपाट, लाटणं, तवा नवा घेतला. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर गव्हाचं पीठ मिसळतं, म्हणून ज्वारी धुऊन, वाळवून घरातच मिक्सरवर दळायला लागली. हिंगात मैदा असतो हे डॉक्टरांच्या कागदावर होतं, तोही गेला. आणि तिनं स्वतःही चपाती सोडली. "एका घरात दोन सैपाक कशाला? मला भाकरीच बरी वाटती," म्हणाली. महेश आणि सून अश्विनी बेकरीच्या वरच्या खोल्यांत राहतात, त्यांचं वेगळं चालायचं.

लोकांचं विचारू नका. लग्नात, वास्तुशांतीत, ज्याला त्याला वाटायचं हे नखरे आहेत. "घासभर खाल्ल्यानं काय हुतंय?" सत्यनारायणाचा शिरा नको म्हटलं, तर एका आक्कानं देवाचा कोप काढला. मी ऐकून घ्यायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बेकरीत मात्र रोज जात होतो. खायचं नाही ना, मग नाही खाणार. करायला काय हरकत आहे? डॉक्टरांना तसं विचारलंच नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

सहा महिन्यांनी परत टीटीजी केली. बाहेर बाकड्यावर बसून होतो. पाऊण तासानं आमचं नाव पुकारलं. आकडा जवळजवळ होता तिथंच. वजन अर्धा किलो कमीच झालेलं.

डॉक्टरांनी दार लावायला सांगितलं. "खरं सांगा, काय खाता?"

"आईची शपथ डॉक्टर, गव्हाचा कण न्हाय."

"मग घरात कुठून तरी जातंय." बेकरी आता पोरगा बघत असेल असं धरून ते सुमनकडं वळले. "ताई, मसाले कुठले वापरता? भांडी वेगळी आहेत का?" चांगले वीस प्रश्न विचारले. ती बिचारी उत्तरं देत राहिली, आणि प्रत्येक उत्तरागणिक तिचा आवाज बारीक होत गेला.

बेळगाव स्टँडवर मी तिच्यावर ओरडलो. भर स्टँडवर, माणसं बघत होती. "एवढं एक काम सांगितलं तुला, तेबी नीट हुईना? मला मारायचंच ठरीवलंयस काय?" ती गाडीत चढली. निपाणीपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं मिठाची बरणीसुद्धा रिकामी करून घासली.

हे लिहिताना आजही लाज वाटते. पण लिहितो.

पुढच्याच आठवड्यात ती भाकरीचा डबा घेऊन बेकरीत आली. मशीनवर बनाचं पीठ मळून झालं होतं. मी त्यातलं हरभऱ्याएवढं पीठ चिमटीनं तोडलं, जिभेवर ठेवलं, मीठ बरोबर आहे असं महेशला सांगितलं आणि पुढच्या कामाला लागलो. मागं वळलो तर सुमन डबा धरून तशीच उभी.

"अवो, काय घाटलासा तोंडात?"

"कुठं काय?"

"आत्ता. पीठ न्हवं ते?"

मला खरंच कळेना ती काय म्हणतेय. मग जिभेवर मैद्याचा चिकटपणा जाणवला.

बेळगावच्या कॅम्पातल्या ज्या बेकरीत मी काम शिकलो, तिथं उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मीठ डोळ्यांना दिसत नाही, जिभेला विचार. तेव्हापासून प्रत्येक घाण्याला पीठ जिभेवर. पावाचं, बनाचं, खारीचं. दिवसाला पाच-सहा वेळा, तीस वर्षं. मी त्याला खाणं म्हणतच नव्हतो. खाणं म्हणजे ताट घेऊन बसणं. हे तर काम होतं. श्वास घेतल्याची कुणी मोजदाद ठेवतं का?

सुमन ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा टेबलावर ठेवला. "जित्याची खोड," एवढंच म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत गेली. सहा महिने ती ज्वारीचा एकेक दाणा धूत होती, आणि मी रोज सकाळी मैदा गिळत होतो. आईची शपथ घेऊन.

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "खोड मोडतो. चाखणं बंद करतो."

"चाखणं तर बंदच. पण हवेत मैदा उडतो ना? तो नाकातोंडात जातो, तो तुम्ही गिळता. बेकरीत जायचं बंद."

"थोडा वेळ तरी?"

"बेडा अंद्रे बेडा," म्हणाले. नको म्हणजे नको.

तिथं माझं आयुष्य संपलं. वाढवून सांगत नाही. बावन्नाव्या वर्षी मी घरात बसलो. हात रिकामे. सकाळी पावाची गाडी दारावरून जायची तेव्हा मी उठून आतल्या खोलीत जायचो. महेश सांगायचा, "आप्पा, सगळं नीट चाललंय, तुम्ही काळजी करू नगासा." नीट चाललंय हेच मला ऐकवत नव्हतं. माझ्यावाचून बन फुगतोय, मग मी कशाला हवाय? जगून काय करायचं, असंही मनात यायचं. तुमच्या मनात तसं आलं तर गप्प बसू नका. मी गप्प बसलो, ते चुकलं. मी सुमनला सांगितलं फार उशिरा, आणि तिनं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा जरा वाट सापडली.

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला. टीटीजी अर्ध्यावर. वजन चार किलोनं वाढलेलं. डॉक्टर खूश, महेशनं पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन बसलो होतो. पोट बरं होत होतं, माणूस होत नव्हता.

त्याच सुमारास संकेश्वरच्या मेव्हणीचा फोन आला. बोलता बोलता हसत म्हणाली, "दाजी, आमच्या आक्काला उपाशी ठेवतासा का वं? आलती तर उभ्या उभ्या चार चपात्या खाल्ल्या, तव्यावरच्या. कोरड्या."

मी फोन ठेवला आणि रडलो. मला भाकरीच बरी वाटती म्हणे. लग्नापासून रोज चार वाजता मी तिला गरम बन पाठवायचो, ती चहात बुडवून खायची. वर्ष झालं, ती नुसता चहा पीत होती, आणि माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. मी माझ्याच दुःखात बुडालेलो.

ठरवलं, गव्हाचा कण नसलेल्या या घरात तिला चहाबरोबर काहीतरी करून घालायचं. बेकरीवाला आहे ना मी? का होतो?

अश्विनीनं फोनवर शोधून दिलं. "आप्पा, हे बघा, स्कोन. घरच्या घरी, सोप्पं." स्कोन मला माहीत होता. कॅम्पात असताना करायचो. आपल्या बटरापेक्षा मऊ, केकापेक्षा कोरडा, जाड गोल तुकडा. त्याचं पीठ मळायचं नसतंच. जितकं कमी हाताळाल तितकं बरं. म्हणजे ग्लूटेनवाचून पाव होणार नाही, पण हा होईल, असा हिशेब.

बेकरीचे ट्रे चालणार नव्हते, म्हणून घरात छोटा ओव्हन आणला. दोन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी ज्वारीचं, अर्धी साबुदाण्याचं. सगळी पिठं घरी दळलेली. पीठ धरून ठेवायला औषधाच्या दुकानातला इसबगोल दोन चमचे. बेकिंग पावडर, डब्यावरचं वाचून घेतलेली. थोडं मीठ, चार चमचे साखर. थंड लोणी बोटांनी चोळायचं, मग लिंबू पिळून फाडलेलं दूध घालायचं. अर्धा तास झाकून ठेवायचं, नाहीतर तांदूळ दाताखाली कचकचतो. मग थापून, कापून, कडक ओव्हनमध्ये वीस मिनिटं.

सोप्पं! पहिले स्कोन वाळूसारखे हातातच सांडले. दुसऱ्या दिवशीचे दगड झाले. तिसऱ्या दिवशी इसबगोल जास्त झाला, आत खळीसारखं गिच्च. पीठ ओढायला जावं तर तुटतं, दाबावं तर फुटतं. तीस वर्षांत हाताला जे कळत होतं ते सगळं खोटं ठरलं. तिसऱ्या दिवशी मी ट्रे मोरीत फेकला. मोठ्यानं शिव्या दिल्या, पिठाला, डॉक्टरला, देवाला.

चौथ्या दिवशी जरा आकार आला. वरून लाल झाले, कडेला चिरले. चार वाजता सुमनपुढं चहाबरोबर ठेवले. वर्ष होऊन गेलं होतं, मी तिच्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं.

तिनं मोडला, लोणी लावलं, खाल्ला. अश्विनी मध्येच म्हणाली, "मस्त झालेत आप्पा!" महेश म्हणाला, "विकायला ठेवूया."

मी सुमनकडंच बघत होतो. म्हटलं, "तू सांग. खरं सांग."

"लई वाईट झाल्यात," ती म्हणाली. "तोंडात नुसता भुसा हुतोय."

महेश गडबडला. मला मात्र वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखं बोलल्यागत वाटलं. मी तिला म्हटलं, "बेळगाव स्टँडवर तुला बोललो, ते चुकलं माझं. चपातीचंबी कळलंय मला."

तिनं कपात थोडा चहा ओतून घेतला. मग बशीतला दुसरा स्कोन उचलला.

"वाईट झाल्यात म्हणतीस, आणि दुसरा कशाला घेतीस?"

"तुम्ही केलासा म्हणून घेतलाय, दुसरं काय," ती म्हणाली. "उद्या परत करा. वाईट झालं तरी चालंल. पर हात रिकामं ठिवू नगासा, मला बघवत न्हाय."